पाटी, बोट आणि बिजागरी

१९६८ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या ॲलन के नावाच्या तरुणाने पुठ्ठ्याचा एक कॉम्प्युटर बनवला. वहीएवढा आकार, वर सपाट पडदा, खाली कळा. आत अर्थातच काही नव्हतं. मग त्याने त्या पुठ्ठ्याच्या पोटात शिशाचे छर्रे ओतले आणि तो हातात धरून पाहिला. त्याला एवढंच शोधायचं होतं, की ही वस्तू किती जड झाली की माणूस ती खाली ठेवेल? उत्तर मिळालं, दोन पौंडांच्या आत हवी. आपल्या हिशोबात नऊशे ग्रॅम.

त्या काळी कॉम्प्युटर उचलून बघायची वस्तूच नव्हती. तो त्याच्या खोलीत असायचा आणि माणसं त्याच्याकडे जायची. तरी हा मुलगा पुठ्ठा घेऊन वजन करत बसला होता.

हा किस्सा वाचल्यावर मी उठलो आणि माझा लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. १ किलो ५८० ग्रॅम. माझा लॅपटॉप 'टू-इन-वन' जातीचा आहे. पडदा पार मागे वळवला की कळफलक पोटाखाली जातो आणि त्याचा टॅब्लेट होतो. निदान दुकानदार तसं म्हणाला होता.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरात हे एकच यंत्र होतं. सकाळी माझं कॉलेज, दुपारी धाकट्या बहिणीची सातवी. तिला तो टॅब्लेट करूनच हवा असायचा, कारण तिच्या मैत्रिणींकडे टॅब्लेट होते. पाच मिनिटं ती तो हातात धरायची. मग मांडीवर, मग उशीवर. "दादा, जड आहे रे हा," म्हणत शेवटी गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवायची. बोटाने माइक सुरू करायला जावं तर भलतंच बटण दाबलं जायचं आणि ती वर्गाबाहेर पडायची. तिच्या बाईंना वाटायचं, ही मुद्दाम पळते. एकदा तसं सगळ्या वर्गासमोर त्या म्हणाल्याही. त्या दिवशी तिने पडदा सरळ केला, माउस जोडला आणि पुन्हा कधी तो लॅपटॉप वळवला नाही.

पडद्याला स्पर्श कळत होता, बिजागरी वळत होती, मग नेमकं अडलं कुठे? त्याचं उत्तर शोधायला साठ वर्षं मागे जावं लागतं.

हात दुखतो

पडद्यावर थेट हात चालवायची कल्पना माउसइतकीच जुनी आहे. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंडने 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम लिहिला. प्रकाश ओळखणारं पेन पडद्याला लावायचं आणि रेषा काढायच्या. पुढच्याच वर्षी रँड या संस्थेने टॅब्लेट बनवला. दहा इंच बाय दहा इंचांची एक पाटी, तिच्या आत तारांची बारीक जाळी, आणि पेनचं टोक कुठे आहे ते त्या जाळीवरून कॉम्प्युटरला कळायचं. किंमत १८,००० डॉलर. त्यात पडदा नव्हता. लिहायचं टेबलावरच्या पाटीवर आणि बघायचं समोरच्या पडद्यावर.

बोटाची गोष्ट १९६५ची. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात ई. ए. जॉन्सन यांनी बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याबद्दल एक छोटा लेख प्रसिद्ध केला. विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या माणसाला घाईत टाइप करायला लागू नये, म्हणून ही सोय. माणसाच्या शरीरातून वीज वाहू शकते. बोट टेकलं की तिथल्या तारेचा विद्युतभार बदलतो आणि तो मोजता येतो. आज तुमच्या हातातला फोन ह्याच तत्त्वावर चालतो. १९७२ साली इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शिकवणाऱ्या कॉम्प्युटरला असाच स्पर्शाचा पडदा आला. त्याची युक्ती मात्र वेगळी होती. पडद्याच्या कडांमधून न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांची जाळी सोडलेली, सोळा आडवे चौकोन, सोळा उभे. बोटाने किरण अडवला की जागा कळली.

हीच युक्ती घेऊन १९८३ साली एचपी कंपनीने 'एचपी-१५०' हा टेबलावरचा कॉम्प्युटर बाजारात आणला. पडद्याच्या चौकटीत ओळीने बारीक भोकं होती. त्या भोकांत धूळ साचायची आणि ती साफ केल्याशिवाय स्पर्श नीट कळायचा नाही. आपल्याकडे एके काळी मुलं धूळपाटीवर बोट फिरवूनच अक्षरं शिकायची. इथे त्याच धुळीने बोटाचा कारभार बंद पाडला.

पण खरा त्रास धुळीचा नव्हता, खांद्याचा होता. समोर उभ्या असलेल्या पडद्यावर हात उचलून काम करा. दोन मिनिटं मजा वाटते, दहा मिनिटांनी दंड भरून येतो. इंजिनिअर मंडळींनी या दुखण्याला 'गोरिला आर्म' असं नावच ठेवलं. फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकांना हे कुणी सांगायला नको. पाटीवर लिहिणाऱ्या पोराचा मात्र खांदा दुखत नाही, कारण पाटी मांडीवर असते आणि मनगट तिच्यावर टेकलेलं असतं. म्हणजे स्पर्शाचा पडदा उभा असून चालत नाही, तो आडवा व्हायला हवा. आणि मांडीवर यायचा असेल तर हलका हवा. के यांचे शिशाचे छर्रे इथे कामी येतात.

पेनवाल्यांचे दिवस

के पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत गेले आणि १९७२ साली त्यांनी आपल्या कल्पनेवर एक निबंध लिहिला. यंत्राचं नाव 'डायनाबुक'. ते त्यांनी मुलांसाठी कल्पिलं होतं. निबंधाच्या सुरुवातीलाच दोन मुलं गवतावर बसून आपापल्या यंत्रांवर खेळत असतात, आणि खेळ पटला नाही म्हणून त्याचा प्रोग्रॅमच बदलायला निघतात. त्याआधी के यांनी सेमूर पेपर्ट यांचं काम पाहिलं होतं. शाळकरी मुलं तिथे 'लोगो' या भाषेत स्वतः प्रोग्रॅम लिहीत होती. के यांच्या डोक्यात हे पक्कं बसलं की, वही जशी वाचायची असते तशीच लिहायचीही असते, आणि मुलाच्या हातातलं यंत्रही तसंच हवं.

पाटीच्या आकाराचं यंत्र बाजारात आलं १९८९ साली. त्याचं नाव 'ग्रिडपॅड', करणारा जेफ हॉकिन्स. वजन दोन किलोच्या आसपास, लिहायला पेन. ते घेतलं कुणी? गोदामात मोजदाद करणाऱ्यांनी, फॉर्म भरणाऱ्यांनी, लष्कराने. उभ्याने काम करणाऱ्या माणसाला कळफलक टेकवायला जागाच नसते, त्याला ही पाटी सोयीची पडली. १९९३ साली ॲपलचा 'न्यूटन' आला. तो तुमचं हस्ताक्षर वाचणार होता, पण सुरुवातीला असं काही भलतंच वाचायचा की त्याच्यावर व्यंगचित्रं निघाली. १९९८ साली तो बंद झाला. हॉकिन्स यांनी मधल्या काळात उलटा रस्ता धरला. यंत्राला माणसाचं अक्षर शिकवण्याऐवजी त्यांनी माणसालाच नवी, सोपी अक्षरं शिकवली. 'पाम पायलट' त्या जोरावर चालला.

मग मायक्रोसॉफ्ट उतरली. नोव्हेंबर २००१मध्ये बिल गेट्स यांनी भाकीत केलं की, पाच वर्षांत अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा पीसी टॅब्लेटच असेल. ७ नोव्हेंबर २००२ रोजी 'टॅब्लेट पीसी' जाहीर झाले. माझ्या लॅपटॉपचे हेच खरे पूर्वज. काहींचा पडदा एका खुंटीवर गरकन फिरून कळफलकावर पालथा पडायचा, काहींचा कळफलक सुटा व्हायचा. आत विंडोज एक्सपी, हातात खास पेन. बोट लावलं तर काही व्हायचं नाही.

तो मूर्खपणा नव्हता. त्या पेनमध्ये एक सोय होती. टोक पडद्यापासून थोडं वर धरलं तरी पडद्याला ते कळायचं आणि बाण त्याच्याबरोबर सरकायचा. शिवाय तळवा टेकवून लिहिता यायचं, कारण पडदा फक्त पेनला ओळखायचा. माउससाठी बनवलेलं विंडोज जसंच्या तसं चालवायचं असेल तर हाच शहाणपणाचा रस्ता होता.

पण सॉफ्टवेअरने साथ दिली नाही. या प्रकल्पात काम केलेल्या डिक ब्रास यांनी २०१०मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्याची कथा सांगितली. मायक्रोसॉफ्टमधल्याच 'ऑफिस' विभागाच्या प्रमुखाला पेनची कल्पना पसंत नव्हती. त्यामुळे वर्ड-एक्सेल पेनसाठी बदललेच गेले नाहीत. एक्सेलच्या चौकटीत एक आकडा लिहायचा तर तो आधी वेगळ्या उघडणाऱ्या डब्यात लिहायचा, मग तिथून तो चौकटीत जायचा. हे टॅब्लेट महागही होते. पाच वर्षं उलटली, भाकीत खरं झालं नाही.

बोटाला बाण नसतो

इथे माझ्या बहिणीच्या बटणाचं कोडं सुटतं.

बिल बक्स्टन या कॅनडातल्या संशोधकाने १९९०मध्ये एक साधी मांडणी केली होती. माउसने तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी करता. नुसता बाण फिरवता, काहीही न दाबता. आणि मग दाबता. त्या फिरण्यालाही अर्थ असतो. मेनूवर बाण नेला की तो उलगडतो, बटणावर थांबला की त्याचं नाव दिसतं. बोटाला ही मधली अवस्था नाही. बोट पडद्यावर असतं किंवा नसतं. टेकलं की दाबलंच. त्यातून बोटाचं टोक जाडजूड, बाणाचं टोक सुईसारखं. आणि जिथे दाबायचं ती जागा बोट स्वतःच झाकून टाकतं. माउससाठी आखलेल्या पडद्यावर बोट चालवणं म्हणजे चिमट्याने उचलायचे मणी हातमोजे घालून उचलण्यासारखं.

यावर दोनच उपाय होते. पडद्याला बाणासारखं पेन द्या, किंवा पडद्यावरचं सगळं बोटासाठी नव्याने आखा. दुसरा उपाय ॲपलने केला, आणि त्यामागे एका दुखऱ्या हाताची गोष्ट आहे. डेलावेअर विद्यापीठातल्या वेन वेस्टरमन यांना सतत टाइप करून हाताचं दुखणं लागलं होतं. कळा दाबायला लागू नयेत म्हणून त्यांनी एकाच वेळी अनेक बोटं ओळखणाऱ्या पृष्ठभागावर संशोधन केलं आणि 'फिंगरवर्क्स' ही कंपनी काढली. २००५मध्ये ॲपलने ती विकत घेतली.

टॅब्लेटची कल्पना आधी होती आणि ती बाजूला ठेवून फोन केला, असं स्टीव्ह जॉब्स यांनी नंतर सांगितलं. २००७ साली आयफोन आला. त्या कार्यक्रमाला ॲलन के हजर होते. पडदा पाच बाय आठ इंचांचा करा, जग तुमचं होईल, अशा अर्थाचं काहीतरी आपण जॉब्सना म्हणालो, अशी के यांची आठवण आहे. २७ जानेवारी २०१० रोजी आयपॅड जाहीर झाला. वजन सुमारे सातशे ग्रॅम. छर्ऱ्यांच्या परीक्षेत तो पास होता.

दुसऱ्या एका परीक्षेत मात्र तो नापास झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने आपल्या दुकानातून 'स्क्रॅच' दाखवणारं ॲप काढून टाकलं. स्क्रॅच म्हणजे मुलांनी ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा. बाहेरून आणलेला प्रोग्रॅम आत चालवायचा नाही, असा तेव्हा नियम होता. के यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. बेचाळीस वर्षांनी त्यांची वही तयार झाली होती, आणि तिच्यात मुलाला स्वतःचं काही लिहिता येत नव्हतं. ॲपलने पुढे नियम सैल केले, २०१६मध्ये तर प्रोग्रॅमिंग शिकवणारं स्वतःचं ॲपही आणलं. पण तोवर टॅब्लेट म्हणजे बघायची वस्तू हे लोकांच्या मनात ठरून गेलं होतं.

विंडोजवाल्यांनी दोन्ही हातांत लाडू धरायचा प्रयत्न केला. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आलं. बोटासाठी मोठमोठ्या रंगीत फरशा, आणि मागच्या दाराने गेलं की जुनं डेस्कटॉप. 'स्टार्ट' बटण गायब. त्याच सुमारास लेनोव्होच्या 'योगा'सारखे पार मागे वळणारे लॅपटॉप आले. पण पंधरा वर्षं माउसने काम केलेले लोक कॉम्प्युटर बंद कुठून करायचा हेच शोधत राहिले. वर्षभरात 'स्टार्ट' बटण परत आलं. २०१५च्या विंडोज १०मध्ये 'टॅब्लेट मोड' नावाची वेगळी कळ आली, आणि २०२१च्या विंडोज ११ने ती काढूनही टाकली. आता पडदा वळवला की चिन्हं थोडी लांब-लांब सरकतात, इतकंच. उलट दिशेने आयपॅड निघाला. २०१५मध्ये त्याला पेन आलं, २०२०मध्ये माउस. लॅपटॉपला पाटी व्हायचंय, पाटीला लॅपटॉप.

आपल्याकडची पाटी

आपल्याकडे याच प्रश्नाला वेगळी धार होती. वजन आणि बोट नंतर, आधी किंमत आणि भाषा.

आयपॅडच्या नऊ वर्षं आधी, २००१मध्ये, बंगळूरमध्ये 'सिम्प्युटर' तयार झाला. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे काही प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी मिळून तो घडवला. तळहाताएवढं यंत्र, लिनक्सवर चालणारं, पडद्याला स्पर्श कळणारा. ज्याला वाचता येत नाही त्याला ते भारतीय भाषांत वाचून दाखवणार होतं. आणि एक खास आपल्याकडचा विचार, की गावात यंत्र एक, माणसं अनेक. म्हणून प्रत्येकाने आपलं स्मार्टकार्ड घालायचं आणि आपली माहिती त्यात ठेवायची. अपेक्षित किंमत ९,००० रुपये. बाहेर कौतुक खूप झालं, पण २००४मध्ये प्रत्यक्ष विक्रीला येईपर्यंत मोबाइल फोन स्वस्त होत चालले होते. सिम्प्युटर फारसा खपलाच नाही.

दुसरा धागा आपल्या रायगड जिल्ह्यात येतो. निकोलस निग्रोपाँटे यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमात पेपर्ट आणि के या दोघांचे विचार होते. त्यांच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा पडदा खुंटीवर फिरून कळफलकावर पालथा पडायचा आणि त्याचं पुस्तक व्हायचं. उन्हातही तो वाचता यायचा. शंभर डॉलरचं स्वप्न होतं, किंमत जवळपास दुप्पट झाली. केंद्रीय शिक्षण खात्याने २००६मध्ये ही योजना नाकारली. पैसा शाळांवर आणि शिक्षकांवर लागायला हवा, असा एकूण सूर होता. तरीही २००७मध्ये कर्जतजवळच्या खैराट या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत ते लॅपटॉप पोहोचले. विसेक मुलं, मराठी शाळा, आणि प्रत्येकाच्या हातात वळणाऱ्या पडद्याचं यंत्र. तेव्हा माझ्या शहरातल्या शाळेत आम्ही चौघे मिळून एक कॉम्प्युटर वापरायचो.

नकार देणाऱ्या त्याच खात्याने ५ ऑक्टोबर २०११ रोजी स्वतःची पाटी आणली, तिचं नाव 'आकाश'. सात इंची पडदा, सरकारला पडलेली किंमत सुमारे ५० डॉलर. स्वस्त पडावा म्हणून पडदा दाबाने चालणारा घेतला होता. दोन पातळ थर, मध्ये पोकळी, आणि दाबल्यावरच स्पर्श कळणार. आयफोनवर बोट सरकवलेल्यांना तो दगडासारखा वाटला. बॅटरी जेमतेम तीन तास. टीका झाली आणि काम पवईच्या आयआयटीकडे आलं. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेल्या 'आकाश २'चा पडदा नुसत्या बोटाने चालणारा होता. आणि पवईत आणखी एक काम झालं, ज्याची बातमी फारशी झाली नाही. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराखाली तिथल्या मंडळींनी त्या स्वस्त टॅब्लेटवर सी, सी++ आणि पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता यावेत अशी सोय केली. के यांची दुसरी परीक्षा पवईतल्या लोकांच्या ध्यानात होती. पण यंत्रं पुरेशी पोहोचली नाहीत आणि २०१५पर्यंत प्रकल्प आटोपला.

गव्हाच्या डब्यापाशी

या सगळ्यातून माझ्या लॅपटॉपबद्दल मला जे कळलं ते असं. त्याला टॅब्लेट म्हणून हातात धरायचा नसतो. दीड किलोचं यंत्र आडवं ठेवायचं, मांडीवर किंवा उताराच्या पाटावर. चिन्हं मोठी करून घ्यायची, स्क्रोल बोटाने करायचा, बारीक काम असेल तिथे पेन. आणि वळवायचा तो बघायला नाही, लिहायला.

हे शेवटचं मला आईने शिकवलं. तिला मराठी टाइप करणं जमत नाही. कोणती कळ दाबली की जोडाक्षर होतं, हे तिला मी चार वेळा दाखवलं. मग २०१५मध्ये गुगलने देवनागरीसह अनेक लिप्यांसाठी आणलेल्या हस्ताक्षराच्या सोयीबद्दल मी वाचलं, आणि तिच्या फोनवर ती सुरू करून दिली. बोटाने 'क्ष' काढला आणि पडद्यावर छापील 'क्ष' उमटला. न्यूटन ज्यात फसला ते आता मराठीत चालतं. फोन लहान पडायला लागला तेव्हा तिने लॅपटॉप मागितला. पेन मी साडेतीनशे रुपयांचं आणलं, साधंच. आता दुपारी पडदा मागे वळवून ती पाटावर ठेवते आणि तिच्या आईकडून ऐकलेल्या पाककृती स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. तळवा टेकला की मध्येच एखादी रेघ उमटते. ती पुसते आणि पुढे लिहिते.

बहीण आता कॉलेजात आहे. परवा ती आईच्या शेजारी बसून ते पुसणं बघत होती. म्हणाली, "हे मलाच सातवीत कुणी सांगितलं असतं तर?" तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आम्हाला वाटलं होतं, चूक तिच्या बोटाची आहे. बाईंनाही तसंच वाटलं होतं.